खिडकी लावणारा हात

खाऱ्या वाऱ्याने दर हिवाळ्यात
आमच्या थेटराच्या पाटीवरचं एक अक्षर पडतं.
ट्रेवॅनिकच्या लोकांना पाटी वाचायची गरज नाही.
फेब्रुवारीतला तिसरा शनिवार म्हटला
की मी तोच सिनेमा लावतो,
अठ्ठेचाळीस साली इथेच, कड्यावरच्या मोठ्या घरात काढलेला.
घर आता नाही. कड्यासकट समुद्रात गेलं.
पडद्यावर मात्र त्याच्या सगळ्या खोल्या शाबूत आहेत,
जिन्याखालची ती कुलूपबंद धरून.

माझ्या केबिनच्या झरोक्यातून डोकी दिसतात फक्त.
मतं ऐकू येतात नंतर, खाली, चहाच्या किटलीपाशी.

पेंगेली, बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के:
"त्यानेच मारलं पहिलीला.
बोट बुडाली त्या रात्री भरती नव्हतीच,
मी तक्ता काढून पाहिलाय."

लव्हडे म्हणते, मारलं असेल.
पण जिन्यावर तो दिवा धरून उभा राहतो ना,
एक शब्द न बोलता,
तिची सावली आधी खाली उतरू देतो,
तिथे मी दरवर्षी विरघळते.

"आणि सगळ्या किल्ल्या कुणाच्या खिशात?"
तिची लेक केरेन्सा कोट चढवता चढवता.
"आई, दिवा धरणारा माणूस
अंधारही आपल्या मर्जीने वाटतो."

यावर कुणी काही बोललं नाही.
डेन्झिलने बिस्किटांचा डबा पुढे केला.
त्याला एवढंच वाटतं की कुत्रा फार गुणी होता,
आणि शेवटी कुत्र्याचं काय झालं हे
दाखवायला हवं होतं.

मग, ठरल्यासारखं, गाडी हातावर येते.

चार सेकंद.
नवी नवरी बागेत धुक्यात उभी,
वर रिकाम्या खोलीतून एक हात निघतो
आणि खिडकी लावून घेतो.
कुणाचा, ते सिनेमा सांगत नाही.

प्लिमथहून आलेला एक विद्यार्थी
वही उघडून उभाच राहिला:
"नीट बघा, लावण्याआधी हात किंचित वर जातो.
तो निरोप आहे. पहिली बायको दुसरीला
घर सोपवते आहे त्या क्षणी."
लव्हडे म्हणाली, निरोप नव्हे, मोह.
पेंगेली म्हणाले, हात खानदानी आहे,
कधी बादली न उचललेला.

थॉमसिन बोसॅन्को कोपऱ्यात बसली होती,
कागदी पेला दोन्ही तळव्यांत धरून.
पंच्याऐंशीची. उभा जन्म मासळी साफ करण्यात गेला.
"तुमचं काय मत?" पोराने अदबीने विचारलं.

"लाकूड फुगलेलं होतं," ती म्हणाली.

सगळे हसले, प्रेमानेच.
वय झालं की माणूस कुठलं कुठे जोडतो.

मी हसलो नाही.
चाळीस वर्षं ती रीळ माझ्या बोटांतून गेली आहे.
एकदा तुटली नेमकी तिथेच,
तेव्हा भिंगाखाली धरून जोडली होती.
पावडरचा थर आहे, लेसची बाही आहे,
आणि अंगठ्याच्या मुळाशी
सुरीने केलेली एक तिरपी रेघ,
जिच्यावर पावडर टिकली नाही.
तीच रेघ दर शनिवारी
तिकिटाच्या खिडकीतून सुटे पैसे सरकवते.

विचारावं असं कितीदा वाटलं.
किती मिळाले, किती वेळा करून घेतलं,
तेव्हा मनात काय होतं.
पण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार,
तीही नाही, मीही नाही.

पाणी संपलं. लोक पांगले,
वाद रस्त्याने पुढे चालू.
थॉमसिन शेवटी निघाली.
आमचं दार थंडीत अडकतं.
तिने बाहेरून मुठीला हात घातला,
आधी किंचित वर उचललं, मग ओढून घेतलं.

एवढंच.

आणि तरी, वर जाऊन रीळ गुंडाळताना,
सगळं माहीत असून,
मला दिसतं ते असं:
वर गेल्यावर तो हात
क्षणभर थांबतो.